रोखा

औंढे म्हटलं की ऐकणारा आधी हात जोडतो. नागनाथाचं औंढा ते मराठवाड्यात. आमचं औंढे लोणावळ्याला खेटून, खुर्द आणि बुद्रुक अशा दोन वाटण्यांचं. आमची ओळख देवस्थानामुळे नाही, ‘एक्स्प्रेसवेवर औंढे पुलाजवळ अपघात’ या बातमीमुळे आहे. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा तो पूलही नव्हता आणि खालचा रस्ताही नव्हता. माहेर पवन मावळातलं, तिकोन्याच्या पायथ्याकडचं. सासर-माहेराच्या मधली चौतीस वर्षं मी पुण्याच्या महापालिकेच्या लेखा खात्यात काढली. सकाळची लोकल, संध्याकाळची लोकल, आणि मधे कर्जाचं रजिस्टर.

ते रजिस्टर म्हणजे हिरव्या कापडी पाठीचं लांबडं बाड. एका कर्जाला एक पान. वर देणाऱ्याचं नाव, मुद्दल, व्याज, मुदत. खाली हप्त्यांचे रकाने आणि उजव्या कोपऱ्यात ‘प्रयोजन’. प्रयोजनात बहुतेक वेळा पाणीच. जलशुद्धीकरण केंद्र, उंच टाकी, मोठ्या व्यासाची वाहिनी, नाहीतर तेच पाणी वापरून झाल्यावर वाहून नेणारी मैलापाण्याची नळी. बागेसाठी किंवा नाट्यगृहासाठी काढलेलं कर्ज माझ्या पानांवर कधी आलं नाही. देणारेही ठरलेले: आयुर्विमा महामंडळ, हुडको, राज्य सरकार. साहेब जाऊन बोलून यायचे, मुख्य सभेत ठराव व्हायचा, पैसा यायचा. मग दर वर्षी थोडी रक्कम सिंकिंग फंडात टाकायची, म्हणजे मुदत भरेल तेव्हा मुद्दल तयार. भिशीच म्हणा, फक्त नंबर एकदाच लागणार आणि तोही शेवटी. वर्ष तंगीचं गेलं की त्या फंडाकडे सगळ्यांची नजर जायची. आमचे जुने मुख्य लेखापाल म्हणायचे, त्याला हात लावायचा तर आधी माझा राजीनामा टेबलावर घ्या. त्यांनी तो कधी दिला नाही, आणि फंडालाही कोणी हात लावला नाही.

कर्जरोखा हा शब्द मात्र मी विभागीय परीक्षेपुरताच वाचला होता. त्यात देणारा ओळखीचा नसतो. शहर कागद छापतं, जो विकत घेईल तो सावकार. त्याने तो दुसऱ्याला विकला की आपला सावकार बदलला, आणि आपल्याला ते कळण्याचंही कारण नाही. पास होण्यापुरतं पाठ केलं आणि विसरून गेले.

पण रोखा मी लहानपणीच पाहिला होता. माहेरी पत्र्याच्या पेटीत आजोबांचं एक खत होतं. जाड, कडक कागद, घडीवर पिवळा पडलेला. वर राजाचं डोकं असलेला स्टॅम्प. मजकूर मोडीत, त्यामुळे वडिलांनाही आकड्यांपलीकडे लागत नसे. खाली आजोबांचा अंगठा. शाई जास्त झाली असणार, कारण रेषा एकही नाही, नुसता काळा ठिपका. गहाण काय, तर ओढ्याकाठची आंबेमोहोराची खाचरं, एवढं घरात तोंडी सगळ्यांना माहीत होतं. कागद उलटा केला की मागे वेगळ्या हाताने, वेगळ्या शाईने, बाळबोधीत दोन शब्द: ‘भरून पावलो’. आणि एक कोपरा मुद्दाम फाडलेला, म्हणजे तो कागद पुन्हा कोणी उभा करू नये.

इंग्रजांच्या कागदपत्रांत या खतांना नाव होतं बॉण्ड. आमच्याच जिल्ह्यात, सुप्याला, १२ मे १८७५ रोजी भर बाजारात शेतकरी उठले. सावकारांची घरं-दुकानं फोडली, पण त्यांना हवे होते ते कागद. खतं बाहेर आणून जाळली. दरमहा शेकडा दोन-तीन रुपयांचं व्याज, त्यात दुष्काळ पडला की जुन्या खतावर नवं खत. कागद जळाला तर कर्ज जळेल, असा सरळ हिशेब. दंग्याचं लोण शेजारच्या नगर जिल्ह्यातही गेलं. चौकशीसाठी आयोग बसला, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शाळेत हे सगळं दोन ओळींत उरकलेलं होतं. मला ते खरं कळलं कर्जाचं रजिस्टर हाती आल्यावर, कारण त्याच वर्षांत घाटाखाली मुंबई शहरही कर्ज काढत होतं, आणि तेही चार-पाच टक्क्यांनी. वर्षाला.

मुंबईला कर्जाची सवय लागली ती पाण्यापायी. १८५४ साली पाऊस ओढला आणि बेटाच्या विहिरी-तलावांवर शहर जगणार नाही हे स्पष्ट झालं. विहार तलाव १८६० साली झाला, तुळशी १८७९ साली, तानसा १८९२ साली. दर वेळी शहराला आधी कर्ज काढावं लागलं आणि मग नळ सोडता आला. १८८८च्या महापालिका कायद्यात कर्ज कसं काढायचं, मंजुरी कोणाची, फेडीसाठी दर वर्षी काय बाजूला ठेवायचं, हे सगळं लिहून ठेवलं आहे. आमच्या सिंकिंग फंडाचं मूळ मला तिथे सापडलं, तेव्हा आजोळचा कोणी भेटावा तसं वाटलं होतं.

पण खरी मेख दुसऱ्याच कायद्यात आहे. १८८२ सालचा विश्वस्त कायदा. परक्याचा पैसा सांभाळणाऱ्याने तो कुठे गुंतवावा याची त्यात यादी होती. सरकारी रोखे होते, आणि त्यांच्या रांगेत मुंबई-कलकत्ता-मद्रास या शहरांच्या पालिकांचे, बंदर विश्वस्तांचे रोखेही होते. म्हणजे विधवेच्या नावाने ठेवलेली पुंजी विश्वस्ताने मुंबई पालिकेच्या रोख्यात घातली, तर कायदा त्याला नावं ठेवणार नव्हता. कुणब्याच्या तारण नसलेल्या खतात घातली असती तर कोर्टात उभं राहावं लागलं असतं. शहराच्या शब्दाला एवढी किंमत कशामुळे? शेतकऱ्याकडे एक शेत आणि एक पाऊस. शहराकडे हजारो नळ आणि दर वर्षी उगवणारी घरपट्टी. शहर मरत नाही, रातोरात गाव सोडून जात नाही, आणि पाणी प्यायचं कोणी थांबवत नाही.

उधळपट्टी शहरंही करतात. आर्थर क्रॉफर्ड १८६५ पासून मुंबईचे पालिका आयुक्त होते. बाजार, रस्ते, गटारं यांवर त्यांनी हात सैल सोडून खर्च केला. १८७१ साली करदाते खवळले, क्रॉफर्ड यांना जावं लागलं, आणि १८७२च्या कायद्याने पालिकेत ६४ सभासद आले, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. ज्याने फेडायचं त्याला मत, हे सूत्र तिथे पहिल्यांदा बसलं. मत होतं ते खिशात काही असणाऱ्यांनाच. तरीही मला हा सगळ्या गोष्टीतला महत्त्वाचा सांधा वाटतो, म्हणून इथे जरा थांबले.

आता पुन्हा घाटावर येते, कारण लोणावळ्याशिवाय मुंबईची ही गोष्ट पुरी होत नाही. मुंबईची ट्राम आणि वीज एका खाजगी कंपनीकडे होती. १९०५ साली तिच्याशी करार झाला. बेचाळीस वर्षांनी शहराला वाटलं तर हे सगळं विकत घेता येईल, अशी त्यात तजवीज होती. शहर ते कलम विसरलं नाही. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठ दिवस असताना, ट्राम, बस आणि वीज पालिकेच्या मालकीची झाली. तीच आपली बेस्ट. बेचाळीस वर्षं फाइल जपून ठेवणारा तो अनामिक कारकून मला भेटायला हवा होता.

आणि बेस्ट जी वीज विकायची, त्यातली बरीचशी टाटांकडून घेतलेली. टाटांची जलविद्युत कंपनी १९१० साली निघाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यात पायाचा दगड बसवला, आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचली. हे काम कर्जरोख्यांचं नव्हे, भागभांडवलाचं; देशी संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी त्यात पैसा घातला. लोणावळा, वळवण, शिरवटा इथे पाऊस अडवायचा आणि मोठ्या नळांतून पाचशे मीटरांहून खाली खोपोलीला सोडायचा. जे पाणी पूर्वेला इंद्रायणीने भीमेला जायचं, ते कड्यावरून पश्चिमेला वळलं. पावसाळ्यात आमच्याकडे माणसाला माणूस दिसत नाही इतका पडतो. त्या पावसावर परळच्या गिरण्यांचे साचे फिरत होते. माझ्या लहानपणी माहेरी रॉकेलची चिमणी होती. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. दिवा शहरात लागतो, हे पाऊस पश्चिमेकडून येतो इतकं सरळ होतं. मुळशीच्या लोकांना मात्र वावगं वाटलं. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या मागे ते उभे राहिले, आणि हरले.

धाकटी लेक अमेरिकेत असते, लॉस एंजेलिसच्या बाजूला. मागे एकदा डोंगराकडे फिरायला जाताना तिने फोटो पाठवला: पांढरं फटक मैदान, मिठागर म्हणावं तर समुद्र कुठेच नाही. ‘आई, हा तलाव होता,’ एवढंच खाली. मग मी ती हकीकत खणून काढली. निवृत्त माणसाला दुसरं काम काय. १९०७ साली लॉस एंजेलिसच्या मतदारांनी २ कोटी ३० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मतपेटीतून होकार दिला. त्या पैशातून २३३ मैल लांबीची जलवाहिनी झाली आणि १९१३ साली ओवेन्स नदीचं पाणी शहरात आलं. नळ, वाहिनी, पुढे वीजही शहराच्याच मालकीची. हिशेब चोख, रोखे चोख. १९२४ साली ओवेन्स खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी सुरुंग लावून ती वाहिनी फोडली. १९२६ च्या सुमारास तलाव आटला. मतदान झालं होतं ते शहरात. नदी होती खोऱ्यात, आणि खोऱ्यातल्या कोणाचं नाव त्या मतदारयादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याने फेडायचं त्याला मत, हे सूत्र तंतोतंत पाळलं गेलं होतं.

हे वाचताना मला मावळातलं बऊर आठवलं.

पवना धरण झालं तेव्हा मी शाळकरी मुलगी. खाचरं पाण्याखाली गेली, आम्ही वरच्या अंगाला सरकलो, धरणाच्या कामगारांसाठी वसलेली काले कॉलनी पुढे पवनानगर झाली. धरणातलं पाणी नदीतूनच खाली जातं. वाटेत दोन्ही काठांचे शेतकरी मोटारी लावून उचलतात, आणि मग रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवड आपला वाटा उपसून निगडीला शुद्ध करतं. उघड्या नदीत पाणी मुरतं, घाण होतं, म्हणून धरणापासून थेट निगडीपर्यंत बंद नळ टाकायचा, अशी योजना आली. शहराच्या बाजूने पाहिलं तर अगदी रास्त. माझ्या रजिस्टरात ते प्रयोजन आलं असतं तर मीही खाली सही केली असती. मावळातल्या शेतकऱ्याला कळलं ते एवढंच: पाणी नळात गेलं की नदी राहणार नाही, आणि नळाला मोटार लावता येत नाही.

९ ऑगस्ट २०११. क्रांतिदिन, मंगळवार. बऊरजवळ लोकांनी एक्स्प्रेसवे अडवला. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तिघे गेले, त्यात एक बाई. मी ऑफिसात बसून महिन्याच्या व्याजाचे चेक तयार करत होते. भावाचा फोन लागेना. संध्याकाळच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात नेहमी तळेगावपर्यंत भाजी निवडणं आणि भांडणं चालू असतात. त्या दिवशी शेंगा निवडल्या जात होत्या, पण आवाज नव्हता. कामशेतला उतरणाऱ्या एकीने जाता जाता मला विचारलं, ‘ताई, तुम्ही तर पालिकेत. तुम्हाला ठाऊक होतं का?’ मी म्हटलं, माझी पालिका वेगळी. ते खरंही होतं. काय उत्तर दिलं हे, असं मला कान्ह्यापासून लोणावळ्यापर्यंत वाटत राहिलं. मग लक्षात आलं की कान्हे मागेच गेलं होतं, इतकी मी भानावर नव्हते. ते काम पुढे कित्येक वर्षं थांबून राहिलं. बाकी आपल्या भाषेची गंमत पाहा: शहर काढतं तो रोखा, आणि रस्त्यावर बसणाऱ्याची घोषणाही ‘रोखा’.

मी निवृत्त झाले आणि मग रोख्यांचे दिवस आले. आधीही झाले होते तसे. अहमदाबादने १९९८ साली राज्याच्या हमीशिवाय शंभर कोटी उभे केले, नाशिकने १९९९ साली शंभर कोटी, नागपूरने २००१ साली पन्नास कोटी. मग सगळं थंडावलं. २०१५ साली सेबीने नियम केले, आणि जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी दोनशे कोटींचे रोखे काढले. दहा वर्षांची मुदत, ७.५९ टक्के व्याज, मुंबईच्या शेअर बाजारात मंत्र्यांच्या उपस्थितीत घंटा. आमच्या खात्यातल्या एका पोरीने, आता ती मोठी अधिकारी आहे, मला उत्साहाने फोन केला. मी कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला: वर्षाला १५ कोटी १८ लाख नुसतं व्याज. ‘मॅडम, केंद्राकडून २६ कोटी बक्षीस मिळणार आहेत,’ ती म्हणाली. म्हणजे पावणेदोन वर्षांचं व्याज सुटलं. वाईट नाही. एकूण बेत २,२६४ कोटींचा होता. पण योजनेच्या निविदा वादात सापडून रद्द झाल्या, आणि आलेला पैसा काही काळ बँकेत ठेव म्हणून पडून राहिला. कर्ज काढून मुदत ठेव ठेवणं हे आमच्या जुन्या लेखापालांना कसं वाटलं असतं, याची मी कल्पनाही करत नाही.

पुढे २०२३ साली पिंपरी-चिंचवडनेही दोनशे कोटी उभे केले, ८.१५ टक्क्यांनी, मुळा नदीच्या सुधारणेसाठी. कागद असा आता नसतोच. डीमॅट खात्यातली एक ओळ. आजोबांना अंगठ्याला शाईसुद्धा लावावी लागली नसती.

तो उत्साह आमच्या घरातही आला. गेल्या दिवाळीत भाचा आला होता. पवनानगरला त्याचं हॉटेल आहे, धरणावर तंबूत राहायला येणाऱ्या लोकांच्या जिवावर चालतं. फोनवर शेअर घेतो-विकतो. म्हणाला, ‘आत्या, पालिकेचे रोखे आपल्याला घेता येतील का?’

‘हे नाही रे. एकेक तुकडा लाखांच्या घरात. बँका, विमा कंपन्या घेतात. तुझ्या-माझ्यासाठी काढलेच नव्हते.’

‘आणि बुडाले तर? गहाण काय ठेवतात?’

‘वस्तू नाही, वसुली. पुण्याने घरपट्टीची ठेवली होती. ती आधी वेगळ्या खात्यात जाते, त्यातून व्याज निघतं, मग उरलेलं पालिकेचं.’

‘पाणी नाही गहाण ठेवत?’

मला हसू आलं. पाणी त्यांचं आहे कुठे, असं म्हणणार होते, पण ते कोणाचं आहे हेही मला नीट सांगता आलं नसतं. म्हटलं, ‘जेव आधी.’

जेवणानंतर विषय पेटीतल्या खतावर गेला. भाऊ गेल्यापासून ती पेटी माझ्याकडे आहे. भाच्याने ते खत कधी पाहिलंच नव्हतं. त्याने उजेडात धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि तळेगावात मोडी वाचणारे एक गृहस्थ त्याच्या ओळखीचे आहेत, त्यांना पाठवून दिले. चार दिवसांनी त्याने मला लिप्यंतर पाठवलं. रक्कम आम्हाला माहीत होती त्यापेक्षा कमी निघाली. घरात सांगता सांगता ती वाढली असणार. व्याज मात्र ऐकलं होतं तेवढंच. पूर्वेस ओढा, पश्चिमेस पायवाट, दक्षिणेस चुलत्याचं खाचर, उत्तरेस गायरान. या चतुःसीमेच्या आतली जमीन, आणि तिच्याबरोबर गहाण दिलेल्या गोष्टींची जुन्या खतांत असते ती ठरलेली माळ: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप.

भाच्याने खाली विचारलं होतं, ‘निधी-निक्षेप म्हणजे काय, आत्या? तुमचा तो फंड का?’ मी कळवलं की नाही, जमिनीत पुरलेलं धन. मग पुन्हा ती यादी वाचली. सावकाराने जल सगळ्यात आधी लिहून घेतलं होतं.